नाव कोरलेली कुऱ्हाड

आमच्या पेटीत एक कुऱ्हाड होती. ती कुणी वापरत नव्हतं. ‘डायब्लो २’ या संगणकावरच्या खेळाला नंतर जोडलेल्या भागातल्या, म्हणजे विस्तारातल्या, त्या पेटीत एकूण ४८ चौकोन असायचे आणि ही कुऱ्हाड दोन बाय तीनची, म्हणजे ६ चौकोन अडवून बसलेली. पेटीचा आठवा हिस्सा. जागा कमी पडली की दादा म्हणायचा, "वीक ना ती एकदाची." मी म्हणायचे, "आधी तुझी ती ढाल वीक." मग ढालही राहायची, कुऱ्हाडही राहायची, आणि नवीन सापडलेलं काहीतरी गुहेतच सोडून यावं लागायचं.

आम्हा दोघांत संगणक एक आणि बार्बेरियन, म्हणजे खेळातला आमचा योद्धा, तोही एकच. तासाची पाळी. त्या बार्बेरियनचं नाव आम्ही दोघांच्या नावांतली अक्षरं जुळवून तयार केलं होतं. त्याचा अर्थ आमच्याशिवाय कुणाला लागला नसता. २००१ साली आलेल्या त्या विस्तारात पाचव्या अंकात निहलाथाक नावाच्या फितुराला मारलं की आन्या नावाची मुलगी बक्षीस म्हणून तुमच्या एका वस्तूवर तुमचं नाव कोरून देते. प्रत्येक डिफिकल्टीला, म्हणजे खेळाच्या प्रत्येक अवघड पातळीला, एकदाच. आम्ही पहिल्या वेळी ती संधी या कुऱ्हाडीवर खर्च केली, कारण तोपर्यंत आमच्या हाताला लागलेल्या वस्तूंत तीच सगळ्यांत जबरदस्त होती. पुढच्या दोन आठवड्यांत तिच्याहून चांगलं हत्यार मिळालं. पण नाव कोरून झालं होतं. नाव कोरलेली वस्तू विकायची म्हणजे काय, हे दादाला पटत असूनही पटत नव्हतं.

राक्षस मारून हत्यारं-दागिने, म्हणजे लूट, गोळा करायच्या या खेळांचं पुढे काय होणार, मोठ्या स्टुडिओंचे सीक्वेल कुठे चालले आहेत, असा विषय निघाला की माझं मन फिरून फिरून त्या कुऱ्हाडीपाशी येतं. एरवी मी बिल्ड (योद्ध्याची जडणघडण), पॅच (खेळातल्या दुरुस्त्या), नर्फ (ताकद घटवणं) यांवर तासन्‌तास बोलू शकते. पण मला खरं जे म्हणायचं आहे ते त्या सहा चौकोनांत आहे.

राक्षस मरतो त्या क्षणी आत काय घडतं, ते आधी सांगते. खेळ भराभर फासे टाकतो. काही पडणार का? पडणार असेल तर काय, तलवार की टोप की अंगठी? मग क्रमाने विचारतो: ही युनिक, म्हणजे स्वतःचं ठरलेलं नाव असलेली, का? नाही. सेटमधली, म्हणजे एकत्र घातल्यावर जास्त बळ देणाऱ्या संचातली, का? नाही. रेअर? मॅजिक? सगळ्याला नकार आला तर साधी वस्तू. मग तिच्यावर गुण चढवायचे, किती आणि कोणते, तेही फाश्यांवरच. हे सारं एका क्षणात होतं आणि आपल्याला फक्त दगडावर अंगठी पडल्याचा तो बारीक टणत्कार ऐकू येतो. तो आवाज मी आजही दुसऱ्या खोलीतून ओळखते.

ही फाश्यांची वंशावळ जुनी आहे. १९८०चा ‘रोग’, जिथे राक्षस म्हणजे पडद्यावरचं एक अक्षर. मग ‘मोरिया’, मग ‘अँगबँड’. ‘डायब्लो’चा निर्माता डेव्हिड ब्रेव्हिक हा या अक्षरी भुयारांत रमलेला माणूस. कॅलिफोर्नियातल्या माउंट डायब्लो या डोंगराच्या परिसरात तो राहायचा. खेळाचं नाव तिथून आलं. त्याचा मूळ बेत पाळीपाळीने चालणाऱ्या खेळाचा होता, तुम्ही एक चाल करा, मग राक्षस एक करेल. ब्लिझार्ड या कंपनीच्या लोकांनी धरून बसून हा खेळ सलग चालणारा करायला लावला. ब्रेव्हिकने नंतर जाहीरपणे सांगितलं आहे की हे फार मोठं काम आहे असं त्याने त्यांना सांगितलं होतं, आणि प्रत्यक्षात ते एका दुपारीत झालं. सांगाड्यावर क्लिक केलं, योद्धा चालत गेला, वार झाला, सांगाडा कोसळला. तिथून पुढची जवळजवळ तीस वर्षं त्या एका क्लिकवर चालली आहेत.

‘डायब्लो’ लोकांच्या हाती पडला तो १९९७च्या सुरुवातीला. त्याच वर्षी मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांचा डोपामीन या मेंदूतल्या रसायनावरचा गाजलेला निबंध प्रसिद्ध झाला. माकडाला रस मिळाल्यावर मेंदूतल्या डोपामीनच्या पेशी चेततात. पण रस मिळणार याची खूण ओळखीची झाली की पेशी खुणेलाच चेततात, प्रत्यक्ष रस मिळताना गप्प राहतात. आणि अनपेक्षित रस मिळाला तर पुन्हा उसळतात. लूट गोळा करणाऱ्या खेळांवर काहीही लिहायला घेतलं की हे माकड येतंच, आणि ते खोटं नाही. पण मला ते अर्धंच वाटतं. नुसता फासा पडायचा थरार हवा असता तर त्यासाठी जुगाराचं यंत्र पुरलं असतं. तिथे जिंकलेलं सगळं सारखंच असतं, त्याला चेहरा नसतो. इथे जे पडतं ते उचलावं लागतं, उलटून पालटून बघावं लागतं, आणि त्यासाठी काहीतरी सोडावं लागतं.

हे सोडणं मला या खेळाचा गाभा वाटतं.

‘डायब्लो २’मध्ये अंगावरची जागा दहा बाय चार, ४० चौकोन. त्यातच औषधांच्या बाटल्या नि गावी परतायची पोथी, आणि त्यातच ताईत. हे ताईत पेटीत ठेवून चालत नाही. सोबत बाळगले तरच त्यांचं बळ मिळतं. म्हणजे जितकी ताकद जास्त तितकी वाटेत सापडलेलं घ्यायला जागा कमी. ही एवढी साधी रचना आहे, आणि मी पंचवीस वर्षांत तिच्याहून सुंदर काही पाहिलेलं नाही. दादा ताईत ठासून भरायचा, एखाददुसरी ओळ मोकळी ठेवायचा आणि सुसाट सुटायचा. बाकी सगळं तो मागे सोडून जायचा. मी अर्धी जागा रिकामी ठेवून हळूहळू पुढे जायचे, प्रत्येक कोपरा बघत. एकाच बार्बेरियनचे दोन स्वभाव होते. त्याच्या पाळीनंतर मला संगणक मिळाला की मी आधी आत काय काय भरलंय ते बघायचे, आणि आमचं पहिलं भांडण तिथेच व्हायचं.

खेळ बंद केला की जमिनीवर राहिलेलं सगळं नाहीसं व्हायचं. उद्या येऊन उचलू, ही सोय नव्हती. एकदा मी हिरव्या अक्षरातला, म्हणजे सेटमधला, एक कंठा जागेअभावी सोडला. कुठे सोडला ती खोली, खोलीतली ती मशाल, बाजूला पडलेलं प्रेत, सगळं आठवतं. उचललेल्या कित्येक गोष्टी मात्र विसरले.

मग २०१२ साली ‘डायब्लो ३’ हा सीक्वेल आला. १५ मे. पहिल्या चोवीस तासांत ३५ लाख प्रती गेल्या, सर्व्हरला झेपलं नाही, आणि जोडणी न झाल्याचा ‘एरर ३७’ हा संदेश जगभर पसरला, कारण एकट्याने खेळायचं म्हटलं तरी सर्व्हरशी जोडलेलं असणं सक्तीचं होतं. त्या पहिल्या रात्रीबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढच्या महिन्यांत घडलेलं.

‘डायब्लो ३’मध्ये लिलावघर होतं. आधी खेळातल्या सोन्यावर चालणारं, आणि मग खऱ्या पैशांवर चालणारंही. हेतू समजण्यासारखा होता. आधीच्या खेळात लोक बाहेरच्या संकेतस्थळांवर वस्तू विकत घेत आणि फसत. ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ ही अंगठी तर चलनच झाली होती, आणि तिच्या बनावट नकला इतक्या झाल्या की पुढे ती दुकानदारांना विकत राहिलं तर एक भयंकर डायब्लो प्रकट होईल अशी योजना निर्मात्यांना करावी लागली. मग व्यवहार आपल्याच छताखाली, सुरक्षितपणे झाला तर काय वाईट? वाईट असं झालं की साऱ्या जगाची लूट एका यादीत, किमतीच्या क्रमाने, कायम समोर राहिली. आपल्या पायाशी पडलेल्या तलवारीशी तिची तुलना एका क्लिकवर. अशा तुलनेत पायाशी पडलेली तलवार जवळजवळ नेहमीच हरते. लोक राक्षस मारायचे सोडून यादी चाळू लागले. खेळाचा मुख्य दिग्दर्शक राहिलेल्या जे विल्सननेच २०१३ साली निर्मात्यांच्या परिषदेत कबूल केलं की लिलावघराने खेळाचं नुकसान केलं. १८ मार्च २०१४ला ते बंद झालं, आणि त्याच सुमारास लूट पडण्याची सगळी पद्धत नव्याने बांधली गेली.

स्वतः उभारलेला, पैसे देणारा बाजार स्वतः मोडून टाकणं सोपं नसतं. त्या निर्णयाबद्दल मला आजही मनापासून आदर आहे.

पण लंबक सुटला तो दुसऱ्या टोकाला गेला. आता लेजेंडरी, म्हणजे एरवी दुर्मीळ असायच्या त्या, वस्तू धो धो पडू लागल्या. जमिनीतून नारिंगी प्रकाशाचा खांब उभा राहिला की आधी काळीज हलायचं. आता तसे खांब दर काही मिनिटांनी उभे राहत. सेटचे गुण हजारो टक्क्यांत गेले, डोक्यावर उडणारे नुकसानाचे आकडे वाचता येईनात. मी त्या खेळात खूप रमले, हेही सांगते. त्याच्या लढाईची पकड, हाताला मिळणारा प्रतिसाद, आजवर फार थोड्यांना जमला आहे. पण तिथली एक तरी वस्तू मला आठवते का? नाव सांगता येईल अशी? विचार करते तेव्हा आठवतात त्या जुन्याच, ज्यांची नावं त्याने उसनी घेतली होती. ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ तिथेही होती. पुढे चौथ्या भागात ‘हार्लेक्विन क्रेस्ट’ टोप आला, तोही दुसऱ्या भागातला. नव्या खेळाला आपल्या सर्वांत मौल्यवान वस्तूसाठी वीस वर्षांपूर्वीचं नाव घ्यावं लागतं, यात मला या सगळ्या सीक्वेलांची अडचण दिसते. आपलेपणा अजून जुन्या पेटीतच आहे, हे निर्मात्यांनाही माहीत आहे.

संख्या वाढवणं हा उपाय होऊ शकत नाही. बंदुकांची लूट गोळा करायच्या ‘बॉर्डरलँड्स ३’च्या जाहिरातीत एक अब्जाहून जास्त बंदुका असल्याचं सांगितलं होतं. त्यातली माझ्या हाताशी राहिलेली बंदूक कुठली, ते मला सांगता येत नाही.

दरम्यान न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात काही लोकांनी वेगळी वाट धरली होती. ग्राइंडिंग गिअर गेम्सने २०१३ साली ‘पाथ ऑफ एक्झाइल’ बाहेर काढला, फुकट. त्यात तेव्हा सोनं नावाची चीजच नव्हती. चलन म्हणजे निरनिराळे गोळे, आणि प्रत्येक गोळ्याला स्वतःचा उपयोग: कुणी साधी वस्तू रेअर करतो, कुणी तिचे गुण पुसून नवे फासे टाकतो. म्हणजे खिशातलं नाणं खर्चून काही विकत घ्यायचं की तेच नाणं आपल्या तलवारीवर उधळून नशीब अजमावायचं, हा प्रश्न दर वेळी हातात. ताईत आणि मोकळी जागा यांच्यातला जुना पेच त्यांनी पैशात आणला. पहिल्यांदा हे उमगलं त्या रात्री मी दादाला लांबलचक संदेश लिहिला होता. तेव्हा आम्ही वेगवेगळ्या घरांत राहायला लागून बरीच वर्षं झाली होती.

याच खेळाने मला नंतर एक गोष्ट दाखवली, जिच्याकडे मी पुढे डोळेझाक करू शकले नाही. तिथे पडणाऱ्या वस्तूंची संख्या इतकी आहे की पडदा नावांनी भरून जातो आणि आपला योद्धा दिसेनासा होतो. म्हणून लूट फिल्टर. कुठल्या वस्तूचं नाव दिसावं, कुठलं दिसू नये, कुठल्याला आवाज असावा, हे नियम खेळणाऱ्यांनी लिहायचे. मीही लिहिले, संध्याकाळी बसून, एकेक ओळ पारखून. पहिल्यांदा कडक फिल्टर लावला तेव्हा पडदा एकदम शांत झाला, फार बरं वाटलं. पुढे कधीतरी लक्षात आलं की कित्येक महिन्यांत मी जमिनीवरची एकही तलवार वाचलेली नाही. खेळ आपली सगळी शक्ती वस्तू घडवण्यात खर्च करतो आहे आणि मी माझी सगळी शक्ती त्या न दिसण्याची व्यवस्था करण्यात. सोडायचं काय, हा निर्णय माझ्याकडून निघून एका मजकुराच्या फाईलकडे गेला होता.

आणि लीग. साधारण दर तीन-चार महिन्यांनी सगळं नव्याने: रिकामी पेटी, नवा बाजार, सगळे एका रेषेवर. याचं आकर्षण मला ठाऊक आहे. पहिल्या रात्री सगळे सारखेच गरीब असतात, फाटक्या बुटांनाही किंमत असते. ते तीन-चार दिवस या सगळ्या खेळप्रकारातले उत्तम दिवस आहेत. लीग संपली की तिथली मिळकत ‘स्टँडर्ड’ या कायमच्या जगात जाते. पेट्यांवर तेव्हा ‘फक्त काढण्यासाठी’ असा शिक्का बसतो. आतून काढता येतं, आत ठेवता येत नाही. माझ्याकडे अशा पेट्यांची रांगच्या रांग आहे. मी त्या उघडत नाही. आत काय आहे ते आठवतही नाही. जिथे वस्तू टिकतात तिथे कुणी जात नाही, आणि जिथे सगळे जातात तिथे काही टिकत नाही.

मोठ्या स्टुडिओंनी यातली नेमकी दिनदर्शिका उचलली. ‘डायब्लो ४’ जून २०२३ मध्ये आला. पहिल्या पाच दिवसांत ६६.६ कोटी डॉलरची विक्री झाली, असं ब्लिझार्डने अभिमानाने सांगितलं. दीड महिन्याच्या आत, पहिल्या सीझनच्या (लीगचंच इथलं नाव) तोंडावर आलेल्या पॅचने खेळाडूंची ताकद सरसकट घटवली, इतका संताप उसळला की निर्मात्यांनी समोर येऊन असा पॅच पुन्हा काढणार नाही असं सांगितलं. मे २०२४च्या चौथ्या सीझनमध्ये लूट पुन्हा नव्याने बांधली: वस्तू कमी पडतील, प्रत्येकीवर गुण मोजके पण ठळक असतील, बाकीचं घडवायचं काम तुमच्याकडे. मला तो बदल आवडला. मी थांबून वस्तू वाचू लागले. पण हा बदल दशकापूर्वी त्याच मालिकेने एकदा केला होता. आधी खेळ विकायचा, मग लूट दुरुस्त करायची, हा क्रमच ठरून गेल्यासारखा झाला आहे, आणि त्याचं कारण मला पैशांच्या रचनेत दिसतं. एवढ्या खर्चाचा खेळ पहिल्या आठवड्यात विकला जायला लागतो. पहिल्या आठवड्यात दिसते ती लढाई, ते चित्र, ती कथा. लूट चांगली की वाईट हे कळायला दोनशे तास लागतात.

दोनशे तासांनंतर काय उरेल, याचा विचार करायला जी उसंत लागते, ती मोठ्या घराला मिळत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ६८.७ अब्ज डॉलरला ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड घेतली. पुढच्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या गेमिंग विभागातली १९०० माणसं कामावरून गेली. लूट जमिनीवर कशी पडावी हे ज्यांच्या बोटांत मुरलेलं असतं, अशी माणसं घडायला वर्षं लागतात. पहिले दोन ‘डायब्लो’ करणारं ब्लिझार्ड नॉर्थ २००५ साली बंद झालं. तिथून आधीच बाहेर पडलेल्यांपैकी काहींनी पुढे ‘टॉर्चलाइट’ केला, तो स्टुडिओही २०१७ला बंद झाला. ही विद्या पुस्तकात उतरलेली नाही. ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत माणसांबरोबर जाते आणि माणसं पांगली की जाते.

सीक्वेलचा खरा प्रतिस्पर्धी दुसऱ्या कंपनीचा खेळ नसतो, तो स्वतःचाच आधीचा भाग असतो. हे सगळ्यांत स्पष्ट दिसलं ते ‘पाथ ऑफ एक्झाइल २’च्या बाबतीत. २०१९ मध्ये जाहीर झाला तेव्हा तो पहिल्याच खेळात सामावणार होता. काम वाढत गेलं आणि २०२३ मध्ये दोघांची घरं वेगळी केली. डिसेंबर २०२४ला अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पुरा होण्याआधीच खेळायला, आला तेव्हा स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानावर एकाच वेळी पाच लाखांहून जास्त लोक खेळत होते. पण त्यासाठी माणसं ओढली गेली ती थोरल्याकडून. पहिल्या खेळाची जुलै २०२४ची लीग पुढच्या जूनपर्यंत ताणली गेली. तीन-चार महिन्यांची सवय असलेल्यांना जवळजवळ अकरा महिने थांबावं लागलं आणि निर्मात्यांना जाहीर माफी मागावी लागली. धाकट्यात वस्तू कमी पडत, लढाई सावकाश, प्रत्येक गोळा वापरताना हात थांबेल अशी. मला वाटलं, आलं, माझं जुनं सुख परत आलं. एप्रिल २०२५चा मोठा पॅच आला आणि बहुतेकांना ती टंचाई असह्य झाली. लूट वाढवावी लागली.

इथे मला माझ्या मताशी भांडावं लागलं. कमी पडणं म्हणजे चांगलं, इतकं ते सरळ नाही. शेजारी बाजार उघडा असेल तर टंचाई माणसाला बाजाराकडे ढकलते, आणि बाजारात गेलं की पायाशी पडलेलं पुन्हा हरतं. आमच्या त्या बार्बेरियनला बाजार नव्हता. आमचं जग दोघांचं होतं, म्हणून त्या कुऱ्हाडीची तुलना फक्त आमच्या कालच्या कुऱ्हाडीशी होत होती. ‘लास्ट इपॉक’ने या गाठीवर दिलेलं उत्तर मला अलीकडच्या सगळ्या खेळांत शहाणपणाचं वाटतं. हौशी खेळाडूंनी एकत्र येऊन सुरू केलेला तो खेळ, फेब्रुवारी २०२४ला पूर्ण रूपात आला. त्यात तुम्ही एक गट निवडता: व्यापाऱ्यांचा, जिथे बाजार खुला, किंवा स्वतः शोधणाऱ्यांचा, जिथे मोबदल्यात लूट जास्त पडते. एका गटामार्फत मिळवलेलं दुसऱ्या गटात गेल्यावर वापरता येत नाही. म्हणजे तुलना कुणाशी करायची, हे तुम्हीच ठरवता. मी पहिल्या दिवशी दुसरा गट निवडला आणि पुन्हा त्याबद्दल विचार केला नाही. तो स्टुडिओही २०२५ मध्ये क्राफ्टन या मोठ्या कंपनीने घेतला. ती पेटी तशीच राहू दे, एवढंच मनात आलं.

मला या प्रकाराच्या भविष्याबद्दल विचारलं तर मी चित्रांची, राक्षसांची चिंता करणार नाही. ते होईलच. मी विचारेन, पेटी कुणाकडे आहे? ‘अँथम’ हा लुटीचाच एक ऑनलाइन खेळ फेब्रुवारी २०१९ मध्ये आला. त्यात उडण्याचा जो आनंद होता तो दुसरीकडे कुठे मिळाला नाही, असं म्हणणारे अजून भेटतात. लूट मात्र सुरुवातीपासून फसलेली. १२ जानेवारी २०२६ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि तिथली प्रत्येक पेटी, प्रत्येकाने जपून ठेवलेलं प्रत्येक हत्यार त्या दिवशी संपलं. विकत घेतलेले खेळ असे नाहीसे होऊ नयेत म्हणून युरोपात नागरिकांनी मोहीम चालवली, २०२५ मध्ये तिच्यावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. मी त्या सह्यांची बातमी वाचत होते तेव्हा मला वाटलं, यातल्या कितीतरी जणांची एखादी कुऱ्हाड असणार.

‘ग्रिम डॉन’ हा २०१६चा खेळ मी म्हणूनच पुन्हा पुन्हा सुरू करते. छोट्या चमूने केलेला, ऑफलाइन चालणारा, सेव्ह तुमच्या संगणकावर. दहा वर्षांनंतरही त्याच्यावर काम चालू आहे. सीझन नाही. तीन महिने लांब राहिलात तर काही चुकत नाही, परत आलात की सगळं ठेवलं होतं तिथेच. या खेळाला पाच दिवसांत जग जिंकायचं नव्हतं, त्यामुळे त्याला दहा वर्षं मिळाली. पुढची वाट मला तिथून जाताना दिसते. मोठ्या घरांचे सीक्वेलही त्या वाटेने आले तर मला आनंदच होईल, कारण त्यांच्याकडचे हात, त्यांचे चित्रकार, त्यांचे ध्वनिकार यांची सर छोट्यांना येत नाही. फक्त त्यांनी एक पेटी माझ्याकडे द्यावी, आणि ती लहान असावी.

सप्टेंबर २०२१ला ‘डायब्लो २’ नव्या रूपात आला तेव्हा त्याच्या निर्मात्यांनी एक गोष्ट केली जिच्यासाठी मी त्यांची कायम ऋणी राहीन. जुन्या खेळातल्या, आपल्या संगणकावरच्या सेव्ह फाईल त्यांनी चालू दिल्या. दादाने ती फाईल एका सीडीवर, मग एका ड्राइव्हवर, मग आणखी कशावर तरी उतरवत आणली होती. मला तो कधी बोलला नव्हता. त्याने ती पाठवली, मी योग्य फोल्डरमध्ये ठेवली, आणि आमचा बार्बेरियन पडद्यावर उभा राहिला. नव्या उजेडात, अंगावर तेच कपडे. मी पेटी उघडली.

"आहे?" दादाने फोनवर विचारलं.

"आहे."

"नाव?"

"आहे रे. नाव आहे."

नव्या रूपात पेटी खूप मोठी केली आहे, शंभर चौकोन, वर सामाईक पेट्या वेगळ्या. कुऱ्हाड एका कोपऱ्यात, आजूबाजूला मोकळं मैदान. दोघांनाही ते बघवेना. त्याच रात्री ठरलं की जुन्या ४८ चौकोनांपलीकडे काही ठेवायचं नाही. आता पाळी तासाची नसते, आठवड्याची असते. एकाने खेळून फाईल दुसऱ्याला पाठवायची. ती आली की मी आधी आत काय काय भरलंय ते बघते आणि मग त्याला फोन करते, आणि त्याचं ताईत ठासून भरणं अजून तसंच आहे.

गेल्या आठवड्यात माझी पाळी होती. नरकाच्या पातळीवर एका गुहेत एक भाला-कुऱ्हाड पडली, सोनेरी अक्षरांची युनिक. आमच्या बार्बेरियनच्या हातात आहे त्याहून नक्कीच सरस. अंगावर जागा नव्हती, पेटीतही नव्हती. मी फोन लावला.

"सहा चौकोन आहेत बघ," दादा म्हणाला. "वीक ना ती एकदाची."

"आधी तुझी ती ढाल वीक."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मी ते सोनेरी नाव एकदा नीट वाचलं, बाजूची मशाल बघून ठेवली, आणि पुढच्या दाराकडे निघाले.